नूतनच्या हातची खीर

भावना, तो डबा बंद कर नि बस इथं. कॅन्टीनची भांडी कुठं पळून जात नाहीत. आमच्या बदलापूरच्या विहारात बुद्धपौर्णिमेला काय राडा झाला ते सांगते तुला. पिक्चर फिका पडंल.

माझी सून नूतन, माझ्या मिलिंदची बायको. तिची आई गर्भपिशवीच्या तोंडाच्या कॅन्सरनं गेली, म्हणून पोरीनं लग्नाआधीच त्याची लस घेतली. यंदा टेस्ट केली, तर रिपोर्ट पॉझिटिव्ह. त्या कॅन्सरचा वायरस हाय म्हणे. पोरगी घरी येऊन नुसती भिंतीकडं बघत बसली.

मी गेले तिच्यासोबत डॉक्टरीणबाईकडं. म्हटलं, "बाई, त्या सुया पाण्याच्या होत्या काय?"

ती हसली. "मावशी, ह्या वायरसच्या लय जाती. लस जास्त डेंजरवाल्या अडवते, सगळ्या नाही. हिला दुसरी जात लागली. हा कॅन्सर नाही. बहुतेकींचा आपोआप जातो. पिशवीचं तोंड साफ आहे, वर्षानं परत तपासू."

"आला कुठनं पण?"

"ते कोणीच सांगू शकत नाही. अंगात वर्षानुवर्षं गप्प बसतो."

पण आमच्या वन्संना, मिलिंदच्या यशोधरा आत्याला, कळलं. मग काय! रोज फोन. "लस घेऊनपण लागलं? म्हणजे लग्नाआधीचं काहीतरी असणार. माहेरी पाठव तिला." मिलिंद तोंड शिवून बसलेला, माझाच पोरगा. नूतननं बॅग भरली. "आई, कोणी हाकलायच्या आधी मीच जाते."

म्हटलं, "पौर्णिमेची खीर कोण करणार मग? गप बस."

विहारामागं चूल पेटली. दरवर्षी पळी नूतनकडं असते. तिनं हातात घेतली तशा वन्सं सगळ्या बायकांसमोर ओरडल्या, "ए, ठेव खाली! अख्ख्या वस्तीला वायरस वाटती का?"

पोरीनं पळी काय खाली ठेवली नाही. "आत्या, हा खिरीतून नाही लागत. नवराबायकोच्या अंथरुणातून लागतो. इथं लग्न झालेल्या सगळ्या बसल्यात. कोणी टेस्ट केलीय? तुम्ही केलीय?"



तेवढ्यात मिलिंद दुधाचा कॅन घेऊन आला. वन्सं म्हणाल्या, "बघ रे, तुझी बायको काय बोलती!"

त्यानं कॅन खाली ठेवला. "बरोबर बोलती, आत्या. माझ्याकडूनपण आला असंल तिला. आम्हा पुरुषांची टेस्टच करत नाहीत, म्हणून आम्ही साजूक तुपातले. तिला पाठवायचं तर मलापण पाठव."

"मेल्या," मी म्हटलं, "इतके दिवस जीभ कुठं गहाण ठेवली होतीस?"

खीर उकळली तशी मीच वाटी पुढं केली. "घाल गं." गरम गरम घोट. जीभ भाजली, डोळ्यात पाणी आलं, तरी म्हटलं, आणखी घाल! माझ्यामागं बायका उभ्या राहिल्या. वन्संनी नाही खाल्ली. नाही तर नाही, पातेलं पुसून खाल्लं लोकांनी.

नूतन कुठं जात नाही आता. सकाळीच माझ्यावर ओरडली, मीठ कमी खा म्हणून.

पण तिनं तिथं विचारलं ना, ते माझ्यापण मनाला लागलं. मीपण कधी टेस्ट नाही केली गं. शनिवारी सरकारी दवाखान्यात जायचं ठरवलंय. वन्संसमोर वाघीण झाले, पण त्या तपासायच्या टेबलावर झोपायचं म्हटलं की एकटीनं जायचा धीर होत नाही. तूपण नाही केलीस ना? चल की माझ्यासोबत, भावना.