मोहाखालची सीडी

दरेकसाच्या टेकडीवर नेट येतं ते एकाच मोहाच्या झाडाखाली. मोबाइलचं नेट लॅपटॉपला जोडून दिव्या सकाळपासून तिथंच खिळून होती. पुण्यात बंद पडलेल्या सर्व्हरला तिच्या लॅपटॉपमधली फाइल सीडी घातल्यासारखी दिसायची, आणि ती वाचूनच तो पुन्हा उभा राहणार होता. मध्येच नेट तुटलं की सीडी गायब, सगळं पहिल्यापासून.

चारदा तुटलं. तिनं फाइल बदलली, ब्राउझर बदलला, कंपनीला शिव्या घातल्या. पाचव्यांदा साठ टक्के झाल्यावर सहज मोबाइल पाहिला. आवाज बंद होता. आईचे चार मिस्ड कॉल, आणि वेळा नेमक्या त्याच. कॉल आला की हा मेला मोबाइल नेट सोडत होता.

आईला मेसेज वाचता येत नाही. फोन करू नको म्हणून सांगायलाही फोनच करावा लागणार. दिव्या श्वास रोखून बसून राहिली.

अठ्ठ्याण्णव टक्के झाले, तशी आई धापा टाकत वर आली.

"काऊन वो, फोन काऊन नाही उचलून राहिली? तुले करू करू माही बॅटरी मेली."

"दोन मिनिटं थांब, आई." दिव्याची नजर पडद्यावरून हलेना.

"थांबतो ना." आईनं दगडावरचा दिव्याचा मोबाइल उचलला, नंबर दाबला आणि कानाला लावला. "तुह्या बापाले सांगू दे, पोरगी सापडली म्हणून."