पितरांची तीन नावं

वेणीमाधव सरांना सातवाहनांचे तीस राजे क्रमानं तोंडपाठ होते. कोण कुणाचा मुलगा, कुणी किती वर्षं राज्य केलं, सगळं. कॉलेजात चाळीस वर्षं त्यांनी हेच शिकवलं आणि निवृत्त झाल्यावर सातवाहनांच्या ऱ्हासावर हजार पानांचं बाड लिहायला घेतलं. पुढचं नाव सांगणारं कुणी उरलं नाही, की साम्राज्य बुडालं समजा, असं ते म्हणत. वाक्य टाळ्या घ्यायचं. त्या बाडापायी घरात कुणाशी दोन शब्द बोलायची त्यांना फुरसत नसे, हेही सांगून टाकलेलं बरं.

आज ते रामकुंडावर ओल्या धोतरात बसले होते. त्यांचा एकुलता एक मुलगा मयुरेश, वय एकोणतीस, बारा दिवसांपूर्वी कसाऱ्याच्या घाटात गाडीसकट दरीत गेला. लग्न झालेलं नव्हतं, म्हणून सगळं बापालाच करायचं होतं. शत्रूवरही अशी वेळ येऊ नये. मागच्या पायरीवर त्यांची पत्नी मालिनीबाई कोरड्या डोळ्यांनी बसल्या होत्या.

समोर अमितगुरुजी. सरांचाच जुना विद्यार्थी, इतिहासात दोनदा नापास झालेला. त्यानं भाताचा लांबट पिंड पुढे ठेवला.

“सर, हा मयुरेशचा. याचे तीन भाग करून पितरांच्या तीन पिंडांत मिसळायचे, म्हणजे तो त्यांच्यात गेला. त्याचे आजोबा, पणजोबा, खापरपणजोबा. नावं सांगा.”

“दिनकर. त्र्यंबक.” सर थांबले. पुढचं काही आठवेना. मग जिभेला चाळीस वर्षांचं जे वळण होतं, तिकडे ती वळली. “पुळुमावी.”

शेजारच्या पाटावर कुणीतरी खुदकन हसलं.

“सर, हा राजा झाला,” अमित खालच्या आवाजात म्हणाला.

मयुरेशचे खापरपणजोबा म्हणजे सरांचे स्वतःचे पणजोबा. वडिलांच्या दिवसांत आईनं ते नाव कानात सांगितलं होतं. सरांनी ते म्हटलं आणि घरी पोहोचेपर्यंत विसरलेही. आई आता नव्हती.

“नाव माहीत नसेल तरी शास्त्रात सोय आहे, सर.”

“सोय नको,” मालिनीबाई मागून म्हणाल्या. “माझ्या पोराला नावानं जोडा. अधांतरी ठेवू नका त्याला. आणि तुम्ही! तीस परके राजे पाठ केलेत ना? मग आपला एक आठवा.” बारा दिवसांत त्या नवऱ्याशी पहिल्यांदाच बोलत होत्या.

“तुम्ही मूळचे निफाडकडचे ना?” असं म्हणून अमित उठला आणि जवळच्याच आपल्या घरातून जाडजूड वही घेऊन आला. यजमानांच्या वंशावळी तिच्यात पिढ्यान् पिढ्या लिहून ठेवलेल्या. मोडीतली पानं उलटता उलटता एका पानावर निळ्या बॉलपेनचं गिचमिड अक्षर दिसलं. खाली तीन वर्षांपूर्वीची तारीख होती. अक्षर मयुरेशचं होतं.

सरांना चष्म्यातून काही दिसेना. शेवटी अमितनंच वाचलं.

“आजीला इथे रामकुंडावर आणलं होतं, तिला विचारून लिहितोय. वेणीमाधव, दिनकर, त्र्यंबक, मोरेश्वर. माझं नाव आजीनं मोरेश्वरांवरूनच ठेवलं. बाबांना हे काही ठाऊक नाही. पुढेमागे त्यांचं करायला मी येईन, तेव्हा लागेल.”

मालिनीबाईंनी पदराचा बोळा तोंडात कोंबला, पण रडू आवरलं नाही. आसपासची माणसं वळून बघायला लागली.

अमितनं पिंडाचे तीन भाग केले. “म्हणा, सर. दिनकर, त्र्यंबक, मोरेश्वर.”

सरांनी वहीतल्या पहिल्या नावावर बोट ठेवलं. “आणि हे? त्याच्या आधी मीच आहे ना? मला जोड त्याच्याशी.”

“तुमचं नाव गाळायचं असतं, सर,” अमित म्हणाला. “तुम्ही जिवंत आहात.”