रिकामी सोडलेली जागा

मी एक पान बोलतोय. झाडाचं नव्हे, कागदाचंही नव्हे. मी संगणकाच्या पडद्यावर उघडतो. माहितीच्या साठ्याला प्रोग्रामर जे हुकूम देतात, ते समजावणाऱ्या मार्गदर्शिकेतला मी. माझ्या वाट्याला नोंदी पुसण्याचा हुकूम आला.

मला लिहिणारे गृहस्थ मोठे काटेकोर. करून बघितल्याशिवाय एक ओळ लिहायचे नाहीत. त्यांनी लिहिलं, 'कोणती नोंद पुसायची ती जागा रिकामी सोडली, तर काहीच पुसलं जात नाही.' नऊ वर्षं हजारो लोक हे वाचून माना डोलवून गेले. तळाशी 'चूक कळवा' असं बटण होतं. त्याला कुणी हिंग लावून विचारलं नाही. मीही तोऱ्यातच होतो.

मग एका इस्पितळात संगणक सांभाळणाऱ्या बाई माझ्यावर विसंबल्या आणि ती जागा त्यांच्याकडून रिकामी राहिली. कोणत्या रुग्णाला कोणतं औषध चालत नाही, त्या अकराशे नोंदी क्षणात गेल्या. जुन्या कागदांवरून त्या पुन्हा भरेपर्यंत नर्सबाई खाटेखाटेपाशी तोंडी विचारत फिरल्या.

"मार्गदर्शिकेत स्वच्छ लिहिलंय," बाईंचे साहेब माझ्याकडे बोट दाखवून म्हणाले. "तुम्हीच काहीतरी घोळ घातलात. शुक्रवारपर्यंत सांगा काय झालं, नाहीतर दुसरी नोकरी बघा."

बाईंनी मला तीनदा वाचलं. मग एक खोटा साठा तयार केला: काका, मावशी, सासूबाई, आणि कुणाला काय सोसत नाही ते. जागा रिकामी सोडून हुकूम दिला.

सासूबाईंसकट सगळं घर गायब!

"अगं बाई! म्हणजे माझं नाही चुकलं!"

माझा तोरा उतरला. हजारो वाचणाऱ्यांत ही एकटी बाई मला पडताळून बघत होती!

त्यांनी तळाचं ते बटण दाबून सगळं लिहून कळवलं. पत्र माझ्या लेखकांपर्यंत पोहोचलं; ते आता निवृत्त झाले होते. त्यांनी जुनी वही काढली आणि दुसऱ्याच दिवशी उत्तर लिहिलं: "बाई, मी करून बघितलं होतं, पण रिकाम्या साठ्यावर. तिथे पुसायला काही नव्हतंच. चूक माझी. तुमच्या साहेबांना मीच कळवतो."

इतका मोठा माणूस, आणि 'चूक माझी' किती सहज म्हणाला!

आता माझ्या माथ्यावर लाल चौकट आहे: 'जागा रिकामी सोडल्यास सर्व नोंदी पुसल्या जातात.' बाई त्याच खुर्चीत आहेत. अजूनही मला उघडतात, नीट वाचतात, आणि तरीही हुकूम आधी सासूबाईंवर चालवून बघतात.

तुम्हीही बघत जा. मला मुळीच राग येणार नाही.