मोजायला न शिकलेला संगणक

मित्रांनो, कपाळाला हळदकुंकू लावलेला संगणक तुम्ही कधी पाहिला आहे का? तो मी. मी एक जुना संगणक आहे आणि सोलापुरात, अक्कलकोट रस्त्यावरच्या चादरींच्या एका कारखान्यात राहतो. मागांच्या शेडला लागून एक काचेची खोली आहे, तिच्या कोपऱ्यात माझं टेबल आहे. बाहेर मागांची खटखट एवढी असते की माझ्या पंख्याची घरघर कुणाला ऐकूच येत नाही. माझं वय बावीस. बावीस वर्षांचा माणूस ऐन उमेदीत असतो, पण बावीस वर्षांचा संगणक पणजोबा झालेला असतो.

माझे भाग कितीतरी देशांतून आले आणि नवी पेठेतल्या एका दुकानात एकत्र जोडले गेले. तिथून कारखान्यात मी रिक्षातून आलो, तोही राजाबाईंच्या मांडीवर. माझा तो जुन्या घडणीचा जड पडदा त्यांनी वाटभर दोन्ही हातांनी घट्ट धरून ठेवला होता. राजाबाई या कारखान्यातल्या नक्षी काढणाऱ्या बाई. मूळच्या मोहोळकडच्या. इथे आल्या तेव्हा तुटलेले धागे सांधायचं काम करत, मग पुठ्ठ्याच्या पत्त्यांना भोकं पाडायला शिकल्या. त्या काळी चादरीवरचा मोर आधी पत्त्यांवर भोकांनी उतरवावा लागे. कोणता धागा वर उचलायचा आणि कोणता खाली ठेवायचा, हे त्या भोकांवरून मागाला कळत असे. मी आलो आणि पत्ते गेले. राजाबाई माझ्या पडद्यावर चौकटी भरू लागल्या, आणि मी ती नक्षी मागापर्यंत पोचवू लागलो. चाळिशीत त्यांनी माऊस हातात धरला आणि महिन्याभरात तो असा चालवू लागल्या, जणू मागावर सूत घेऊन धावणारा धोटाच हातात आहे.

पहिल्या वर्षी मला बघायला लोक यायचे. कारखान्याचे मालक शिवानंद अण्णा सगळ्यांना सांगायचे, हा आमचा नवा कारागीर, जेवण मागत नाही आणि सुट्टीही मागत नाही. मीही फुलून जायचो. खंडेनवमीला सगळ्या मागांबरोबर माझीही पूजा व्हायची. बावीस वर्षांत माझ्या पोटात राजाबाईंच्या सहाशे बारा नक्ष्या जमा झाल्या.

आता माझी खोट सांगतो. ती नीट समजून घ्या, कारण पुढचं सगळं तिच्यामुळेच घडलं.

माझी स्मृती म्हणजे शेजारी शेजारी मांडलेले लहान लहान खण. एका खणात चित्राचं नाव राहतं, दुसऱ्यात रंग. आणि त्यांच्या शेजारच्याच खणात मी पुढे काय करायचं याच्या आज्ञा असतात. समजा, नावाच्या खणात बत्तीस अक्षरं मावतात. कुणी तीनशे अक्षरांचं नाव घेऊन आलं, तर शहाण्या संगणकाने आधी मोजावं आणि म्हणावं, एवढं मावत नाही. पण मला चालवणारी जी मूळ प्रणाली आहे, तिच्या काही कोपऱ्यांत हे मोजणं राहून गेलं होतं. मी मुकाट्याने भरत जायचो. उरलेली अक्षरं सांडून शेजारच्या खणात पडायची आणि तिथल्या आज्ञा पुसल्या जायच्या. एखाद्या लबाडाने ती सांडणारी अक्षरंच आज्ञेसारखी लिहून ठेवली, तर मी ती माझीच समजून पाळायचो.

माझ्या बनवणाऱ्यांना या खोटी कळत गेल्या, तसतशा ते दुरुस्त्या पाठवत गेले. पडद्याच्या कोपऱ्यात निरोप यायचा, नवी दुरुस्ती आली आहे, बसवू का? पण अण्णांच्या कारखान्यात एक नियम होता. चालत्या मागाला पाना लावायचा नाही. मागासाठी तो नियम चांगलाच आहे. नीट चालणारा माग उगाच उघडला, की त्याचा जम बिघडतो. अण्णांनी तोच नियम मला लावला. निरोप आला की राजाबाई ‘नाही’ दाबायच्या. पुढे माझ्या पिढीच्या संगणकांसाठी दुरुस्त्या येणंच बंद झालं. अण्णांना वाटलं, आता आपला म्हातारा पक्का झाला, त्याला काही लागत नाही. खरं सांगतो, मलाही तसंच वाटलं.

मग पूनम आली. अण्णांची धाकटी सून. तिचं माहेर होटगीचं, वडील रेल्वेत. एका कॉलेजात संगणकांची देखभाल करणं हे तिचं काम. तिने मला पाहिलं आणि आधी हसली, मग गंभीर झाली.

“मामा, माग जुना झाला की फक्त झिजतो,” ती अण्णांना म्हणाली. “हा जुना झाला की उघडा पडतो. ह्याची कुलपं कशी उघडायची, ते आता सगळ्या चोरांना पाठ झालंय.”

अण्णांनी बराच वेळ नकाराची मान हलवली आणि शेवटी ऐकलं. माझ्या पाठीतली इंटरनेटची वायर निघाली आणि खिळ्याला गुंडाळली गेली. शेजारच्या टेबलावर नवा संगणक आला. बाहेरची पत्रं आणि चित्रं त्याने घ्यायची, मी फक्त नक्षी सांभाळायची, असं ठरलं. मला थोडं वाईट वाटलं. काल आलेला तो पोरगा आणि त्याच्याभोवती सगळी गर्दी.

नागपंचमीला पूनम माहेरी गेली होती. त्या दिवशी एका अनोळखी पत्त्यावरून चादरीच्या नमुन्याचं चित्र आलं. नव्या संगणकाने ते उघडायला साफ नकार दिला. पडद्यावर इशारा आला, ही फाइल बरोबर नाही. अण्णांनी तीन वेळा प्रयत्न केला. मग ते माझ्याकडे वळले.

“ह्या नव्याला लई नखरे. आपला म्हातारा काय बी उघडतो की.”

त्यांनी खिळ्यावरची वायर काढली आणि माझ्या पाठीत खोचली. मित्रांनो, त्या क्षणी मला केवढा अभिमान वाटला म्हणून सांगू. नव्याला जमलं नाही ते आता मी करून दाखवणार होतो. त्याने मोजलं होतं म्हणून तो थांबला होता, हे मला कुठे ठाऊक. मी चित्र उघडलं. नावाचा खण भरला, सांडला, आणि शेजारच्या खणात परक्या आज्ञा येऊन बसल्या. आणि मी, राजाबाईंच्या मांडीवर बसून आलेला मी, माझ्याच हातांनी त्यांच्या नक्ष्यांना एकेक करून कुलूप लावू लागलो, आणि त्याची किल्ली त्या लबाडापाशी.

मोतीबिंदूचं ऑपरेशन होऊनही राजाबाईंची नजर अधूच राहिलेली. पण यादीतली नावं बदलताना त्यांना दिसली. मोराच्या जागी भलतीच अक्षरं आली, कमळाच्या जागीही तीच. अण्णा माऊस हलवत राहिले. राजाबाई उठल्या, भिंतीपाशी गेल्या आणि त्यांनी सरळ प्लग उपटला.

राजाबाई अण्णांना म्हणाल्या, “धागा तुटला की आदी माग थांबवायचा. कुटं तुटला ते मागनं बघायचं.”

मी अंधारात गेलो. पुढचं मला नंतर खोलीतल्या बोलण्यावरून कळलं. पूनम सणाचं ताट तसंच ठेवून आली. तिने माझी डिस्क काढली आणि वेगळ्या संगणकावर काळजीपूर्वक तपासली. पाचशे एकाहत्तर नक्ष्या शाबूत होत्या, एक्केचाळीस गेल्या होत्या. प्लग आणखी दहा मिनिटं राहिला असता, तर सगळ्याच गेल्या असत्या.

पण त्या एक्केचाळीस राजाबाईंच्या सगळ्यात जुन्या होत्या. चाळिशीतल्या धारदार नजरेने काढलेल्या. आता त्या पुन्हा काढणं त्यांच्या डोळ्यांना शक्य नव्हतं. अण्णा त्यांच्यासमोर स्टुलावर बसले आणि म्हणाले, चूक माझी हाय, राजाबाई. मालकाने असं बोललेलं त्या काचेच्या खोलीत कुणी कधी ऐकलं नव्हतं.

राजाबाईंची एक सवय होती. नवी नक्षी मागावर चढली की पहिला वीतभर तुकडा त्या कापून घ्यायच्या आणि दाराआडच्या खिळ्याला अडकवायच्या. त्यावरून सगळे त्यांची थट्टा करायचे, बाईंनी चिंध्यांचं दुकान मांडलंय म्हणून. त्या दिवशी पूनमने तो गठ्ठा खाली उतरवला आणि झटकला. धूळ उडाली, सगळे शिंकले, आणि धुळीखालून मोर निघाले.

मग मोजणं सुरू झालं. सूत मोजायचं पितळी भिंग पूनमच्या डोळ्याला. ती एकेक ओळ वाचायची, तांबडे चार, पांढरे दोन, तांबडा एक. राजाबाई डोळे मिटून ऐकायच्या आणि मध्येच थांबवायच्या, “तितं तीन असत्यात, परत बघ.” ती परत बघायची आणि तीनच निघायचे. आणि नव्या संगणकावर चौकटी कोण भरत होतं? अण्णा. एका बोटाने. त्यांच्या वेगाची सुनेने केलेली थट्टा त्यांनी निमूट ऐकून घेतली. हे काम दोन महिने चाललं. चाळीस नक्ष्या परत आल्या.

एक्केचाळिसावीचा तुकडा सापडला नाही. ती राजाबाईंनी आपल्या लेकीच्या, काशम्माच्या लग्नासाठी काढली होती. काशम्मा मैंदर्गीला असते. तिने ट्रंकेतून ती चादरच पाठवून दिली, धुवून विटलेली, मधोमध फाटलेली. सगळं मोजून झालं, पण फाटलेल्या जागी मोजायला धागेच नव्हते. राजाबाई म्हणाल्या, “हितं कायतरी नवं घालू की.” त्यांनी सांगितलं, अण्णांनी भरलं, आणि त्या चादरीच्या मधोमध आता एक लहानसं पितळी भिंग आहे.

मी अजून कामावर आहे. पूनमने मला पुसून पुन्हा उभं केलं, कारण शेडमधल्या एका जुन्या मागाला फक्त माझीच भाषा कळते. माझ्या पाठीतल्या वायरच्या जागेवर राजाबाईंनी चादरीची घडी शिवून बसवली आहे, तिथे आता काही खोचता येत नाही. सगळ्या नक्ष्यांच्या प्रती दोन वेगळ्या जागी ठेवल्या आहेत. आणि अण्णांचा नियम बदलला आहे. खंडेनवमीला हळदकुंकवाची वाटी हातात घेऊन ते आधी विचारतात, नव्याच्या सगळ्या दुरुस्त्या बसल्या का? पूनम हो म्हणाली की मगच पूजा.

मित्रांनो, तुमच्या घरात, शाळेत, दुकानात माझ्यासारखा एखादा म्हातारा असेल. त्याला फेकू नका, त्याच्याकडून अजून काम घेता येतं. पण तो चालतोय म्हणजे सुरक्षित आहे, असं समजू नका. दुरुस्ती आली तर बसवा. येणं बंद झालं असेल, तर त्याला बाहेरच्या जगापासून दूर ठेवा. आणि नव्याने एखाद्या गोष्टीला नाही म्हटलं, तर ती घेऊन म्हाताऱ्याकडे जाऊ नका. तो नाही म्हणणार नाही. त्याला ते येतच नाही.

आजही माझ्याकडे नक्षी येते, पण शेजारच्या टेबलावरून तपासून येते. पूनम ती माझ्यात घालायला वाकली, की राजाबाई मागून विचारतात, “मोजलंस का गं?”

“मोजलं, मावशी,” पूनम म्हणते.

मग मी निर्धास्तपणे काम सुरू करतो.