आठपर्यंत बसणारे बाबा

दुपारी दीड वाजता बेल वाजली. आईने दार उघडलं तर समोर डब्याची पिशवी घेऊन बाबा उभे. आईने चौकट घट्ट धरली आणि विचारलं, "कोण गेलं?"

"कोणी नाही," बाबा म्हणाले. "मीच आलो."

तिचं काही चुकलं नव्हतं. बावीस वर्षांत बाबा दिवसाउजेडी ऑफिसातून घरी आले ते दोनदाच, आणि दोन्ही वेळा कोणीतरी गेलेलंच होतं. मी जेवणाच्या टेबलावर लॅपटॉप उघडून बसले होते. मी घरूनच काम करते, म्हणजे बाबांच्या लेखी बेकार आहे. आता तेच भरदुपारी माझ्यासमोर पिशवी ठेवून बसले, तेव्हा मला हसू आवरेना.

बाबा लिफ्टची देखभाल करणाऱ्या एका कंपनीत याद्या करतात. कुठला मेकॅनिक कुठल्या इमारतीत किती वाजता जाणार, त्याची रोजची यादी. पण आमच्या घरात त्यांच्या नोकरीचं वर्णन एकाच क्रियापदात व्हायचं. "आमचे हे रोज आठपर्यंत बसतात," आई अभिमानाने सांगायची. वरच्या मजल्यावरच्या काकू नव्याने राहायला आल्या तेव्हा त्यांनी या बसण्याचा भलताच अर्थ घेतला. वर्षभर त्या आईला दारू सोडवणाऱ्या डॉक्टरांचे फोन नंबर आणून देत होत्या.

आई आत गेल्यावर बाबांनी मला हळूच खरी हकिगत सांगितली. ऑफिसात नव्या मॅडम आल्या होत्या, माझ्याहून दोनेक वर्षांनी मोठ्या. त्यांनी नोटीस लावली होती की काम झालं की घरी जावं, लागलं तर फोन करू. शिवाय आपल्या कामाला किती वेळ लागतो ते प्रत्येकाने लिहून द्यायचं होतं. बाबांनी लिहिलं, साडेदहा तास. मॅडम एक दिवस खुर्ची ओढून त्यांच्या शेजारीच बसल्या. साडेबाराला यादी तयार झाली. बाबांनी पेन्सिलीला टोक काढायला घेतलं.

"काका, आता काय?"

"आता बसायचं."

"कशासाठी?"

बाबांनी दुसरी पेन्सिल घेतली. मग मॅडमनी जुन्या याद्या काढून दाखवल्या. दुपारी झालेली यादी नेहमी बिनचूक असायची. घोळ व्हायचा तो संध्याकाळी. वेळ जाता जात नाही म्हणून बाबा ती सुधारायला घ्यायचे, आणि दुसऱ्या दिवशी एकाच लिफ्टपाशी तीन मेकॅनिक भेटायचे.

"आईला यातलं काही कळू देऊ नकोस," बाबा म्हणाले. "मी तिला सांगितलंय, नवा कॉम्प्युटर आला म्हणून काम हलकं झालं."

त्यांची भीती मला कळत होती. आजीचं आजारपण, माझे ताप, माझा अभ्यास, सगळं आईने एकटीने निभावलं होतं, आणि कुरकुर न करता. तिकडे यांच्यावाचून अडतं, एवढ्याच एका गोष्टीच्या जोरावर.

घरी मात्र बाबांवाचून कोणाचंच अडत नव्हतं. दुपारी आईची झोप, मग साडेतीनला तीन मैत्रिणी येऊन पत्त्यांचा डाव. बाबा मागे उभे राहून पानं सुचवायला लागले. चौथ्या दिवशी त्यांनी घराची यादी करून फ्रिजवर चिकटवली, आईच्या झोपेला चाळीस मिनिटं देऊन. आईने ती वाचली. "मी लिफ्ट आहे का?" तिने विचारलं, आणि मला सांगितलं, "यांना जरा बाहेर ने."

मी त्यांना मोठ्या साहेबांकडे नेलं. हे त्यांचे जुने साहेब, नुकतेच निवृत्त झालेले. गुडघ्याचं ऑपरेशन झाल्यामुळे पाय स्टुलावर ठेवून बसले होते.

"हल्ली किती वाजता निघता?" साहेबांनी विचारलं.

"साडेबारा-एकला."

"नशीबवान आहात. मला तुमच्यापायी आठपर्यंत बसावं लागायचं."

"माझ्यापायी?"

"मग काय. तुम्ही आपले खाली मान घालून बसलेले. तुमच्यासारखा माणूस राबतोय आणि साहेबाने उठून जायचं, बरं दिसलं असतं का?"

बाबांनी चहाचा कप खाली ठेवला. "साहेब, मी तुम्ही उठायची वाट बघायचो."

साहेबांनी स्टुलावरचा पाय खाली घेतला. "बावीस वर्षं?" ते म्हणाले. बाबा बोटांवर तास मोजायला लागले.

"नका मोजू," साहेब म्हणाले.

आत त्यांच्या सुनेला हसू फुटलं. मीही जिना उतरेपर्यंत हसत होते. रस्त्यावर आल्यावर मात्र मला राग आला, चांगलाच आला. "माझ्या कानाचं ऑपरेशन होतं, त्या दिवशीही तुम्ही बसलाच होतात," मी म्हटलं.

कोपऱ्यावर बाबा थांबले. मग म्हणाले, "आईला मीच सांगतो."

आणि त्यांनी सांगितलं, भर डावात, तिन्ही मैत्रिणींच्या देखत. संध्याकाळी तिथे काहीच काम नसायचं, हेही. मैत्रिणींनी पत्त्यांत तोंडं घातली. आईने एकच विचारलं, "हिच्या ऑपरेशनच्या दिवशी?"

"त्या दिवशी तर अकरालाच संपलं होतं."

बाबा खरं बोलायचं ठरवतात तेव्हा नको तितकं खरं बोलतात.

आईने हातातली पानं टेबलावर उलगडून ठेवली. डाव तिचाच लागला होता. तिने चपला घातल्या आणि ती खाली गेली. आवारातल्या बाकावर ती बसलेली खिडकीतून दिसत होती. मैत्रिणी आवाज न करता निघून गेल्या.

"बोलावू का?" बाबांनी विचारलं.

"नका."

सहा वाजले. सात वाजले. बाबांनी जेवण गरम केलं, मग पुन्हा गरम केलं. मध्येच खिडकीतून मागे न वळता त्यांनी विचारलं, "तुम्ही दोघी अशाच थांबायचात?"

"हो," मी म्हटलं. "फक्त तुम्ही दिसायचा नाहीत."

आठ वाजता आई वर आली. बेल वाजायच्या आत बाबांनी दार उघडलं.

"जेवलात?"

"नाही."

"हिला तरी वाढायचं."

"ती माझ्याबरोबर थांबली." बाबांनी वाकून तिच्या चपला जागेवर ठेवल्या. मला त्यांची दया आली, आणि राग मात्र तेवढाच राहिला.

आई हात धुऊन वाढायला आली, तर बाबांनी तिच्या हातातून आमटीचा डाव घेतला. ती खुर्चीवर बसली. कोणाला किती लागतं हे त्यांना ठाऊक नव्हतं. दर वेळी ते तिच्याकडे बघायचे, आणि ती आपल्या ताटावरून नजर न उचलता सांगायची, "थोडं," "अजून," "पुरे."