वरचा मजला, मागचं दार

पहिली खुर्ची रुग्णवाहिकेच्या फोन-केंद्रातल्या कॉम्प्युटरच्या पडद्यावर आदळली, दुसरी कॉम्प्युटरवाल्याच्या खांद्यावर. तो भिंतीला टेकतो न टेकतो तोच आत घुसलेल्या माणसाने त्याची गचांडी धरली आणि तोंडावर दोन गुद्दे हाणले. ओठ फाटला.

"वाच," तो माणूस म्हणाला. "शिकलेला आहेस ना? मोठ्याने वाच."

नाकासमोर चुरगळलेली चिठ्ठी होती. रुग्णवाहिकेच्या चालकाला पत्ता छापून मिळतो, तसली. पत्त्याच्या जागी ओळभर प्रश्नचिन्हं.

काल मेली ती या माणसाची बहीण. नवरा पहारीने दार फोडत होता तेव्हा तिने आतून फोन केला, पत्ता दोनदा सांगितला. फोन घेणाऱ्या बाईंनी तो नीट टाइप केला. छापून आली ती ही चिठ्ठी. चालक धावत वर विचारायला आला, तर नोंदीतही तेच. बाई तोवर पुढच्या फोनवर, पत्ता डोक्यातून गेलेला. उलट फोन लावला, तो नुसता वाजत राहिला.

पहारेकरी काठी घेऊन धावला.

"राहू दे रे," कॉम्प्युटरवाला रक्त थुंकत म्हणाला. "दादा, मशीन बंद पडून चालू झालं, तेव्हा मी तपासलं होतं. हे बघा."

शाबूत उरलेल्या पडद्यावर त्याने एक ओळ टाइप केली. अक्षरं लख्ख उमटली.

"मग माझी बहीण काय खोट्या पत्त्यावर राहत होती?"

कॉम्प्युटरवाल्याचा हात थबकला. मशीनला मराठी अक्षरं कळावीत म्हणून भाषा त्याने बसवली होती, ती फक्त स्वतःच्या लॉगिनच्या खात्यात. पत्त्यांचा प्रोग्रॅमही तिथूनच हाताने चालू केला होता, म्हणून इतके दिवस निभावलं. काल वीज गेली आणि मशीनबरोबर प्रोग्रॅम आपला आपण उठला, कुणाच्याच खात्यातून नाही. घरात सांगितलेलं रस्त्यावरच्याला कसं कळणार? न कळलेल्या प्रत्येक अक्षराला प्रोग्रॅमने प्रश्नचिन्ह लावलं. आणि हा आपल्याच अंगणात दिवा लावून, गावात उजेड आहे म्हणत चहाला गेला होता.

"मी इथून बघितलं," तो म्हणाला. "तिथून बघायला हवं होतं."

तिसरा ठोसा कानावर बसला. मग तो माणूस स्वतःच खाली बसला, सोललेली बोटं कुरवाळत.

"हात तेवढा दुखला," तो म्हणाला. "बाकी काही झालं नाही."

कॉम्प्युटरवाल्याने भाषा अख्ख्या मशीनच्या सामायिक सेटिंगमध्ये लिहिली, प्रोग्रॅमच्या स्वतःच्या फाइलमध्येही. कळांवर रक्ताचे ठसे उमटत होते. मग मशीन पूर्ण बंद करून चालू केलं, आणि या वेळी हात मागे बांधून उभा राहिला. आपल्या खात्यात शिरलाच नाही.

"बाई, तुमच्या जागेवरून टाका."

"काय टाकू?" बाईंनी कळांवर बोटं ठेवली.

जमिनीवरूनच उत्तर आलं. "रंगाऱ्यांची गल्ली. वरचा मजला. दार मागच्या बाजूने." थोडं थांबून त्याने तेच पुन्हा सांगितलं, सावकाश.

प्रिंटर खरखरला. भावाने चिठ्ठी फाडून घेतली, एकेका शब्दाखाली बोट फिरवत वाचली, घडी घालून वरच्या खिशात ठेवली.

"मागच्याच बाजूने आहे," तो बाईंना म्हणाला. "पुढून कुणाला सापडत नाही."