गुलाबी गोळीचं गाऱ्हाणं

रावजी डोकं दुखायच्या आधीच गोळी घ्यायचा. पाहुणा येण्याआधी अंगण झाडून ठेवावं, तशी. फरक एवढाच, की हा पाहुणा रोज यायचा. सकाळी रत्नागिरीच्या एसटीत एक गुलाबी गोळी, कारण एसटी खडखडते. दुपारी कचेरीत एक, कारण साहेब दिसतो. रात्री एक, कारण उद्या सकाळी पुन्हा एसटी आहे.

"महिन्यातले किती दिवस गोळी घेता?" डॉक्टर मनस्विनीबाईंनी विचारलं.

"तीस."

"आणि महिना एकतिसाचा असला तर?"

"तेव्हा जरा ओढाताण होते."

बाईंनी पेन खाली ठेवलं. "तुमचं डोकं आता गोळीला सोकावलंय. गोळी उतरली की ते दुसरी मागतं. म्हणजे आता तुमचं डोकं गोळ्यांमुळंच दुखतंय."

"मग त्याच्यावर एखादी गोळी द्या ना."

"गोळ्या बंद. पहिले आठ-दहा दिवस दुखणं वाढेल, मग उतरेल. अगदी सोसवेना झालं तर माझ्याकडे या, दुकानात जाऊ नका."

रावजीनं बोटं मोजली. होळी सातव्या दिवशी होती. "शिमग्यानंतर बंद केल्या तर?"

"मागच्या खेपेला गणपतीनंतर म्हणाला होतात."

सोबत बायको गंगा बसली होती, म्हणजे निर्णय झालेलाच होता.

रावजीची अडचण अशी, की आंबेखोल गावात होळीपुढं गाऱ्हाणं घालायचा मान त्याच्या घराण्याचा. सगळ्या गावाच्या वतीनं मानकरी देवाकडे मागतो आणि प्रत्येक मागण्यामागं गाव 'व्हय म्हाराजा' म्हणून ओरडतं. गावाचा जुना नियम होता: होळीपुढं मागितलेलं पुढच्या शिमग्यापर्यंत मागं घेता येत नाही. दुसरा नियम याहून वाईट: मानकरी अंथरुणाला खिळला तर मान चुलतभावाकडे जातो आणि गेलेला मान परतत नाही. चुलतभाऊ सदू बारा वर्षं रावजीच्या तब्येतीची चौकशी करत होता.

घरी उरलेल्या सत्तर-ऐंशी गोळ्या गंगेनं फेकल्या नाहीत. "विकत आणलेली वस्तू टाकायची कशाला?" म्हणून तिनं त्या होळीच्या पोळ्या वाटाव्यात तशा वाडीत घरोघर वाटल्या. गावानं मनापासून घेतल्या; तीच गोळी रोज गिळणारी घरं वाडीत आधीच दहा-बारा होती. आनंदीबाईंनी तर आणखी चार मागून नेल्या, मुंबईच्या लेकाला पाठवायला. रावजी तिसऱ्या दिवशी विडी ओढायला लवू ढोलकऱ्याच्या पडवीत गेला, तर लवू आरशासमोर गोळी गिळत होता.

"काय रे, डोका उठलाय?"

"नाय अजून," लवू म्हणाला. "पण ढोल वाजवायचाय ना."

चौथ्या दिवशी डोक्यात घण बसू लागले. पाचव्या दिवशी ते घण खरेच असल्याचं कळलं. सदूनं ढोलाची तालीम रावजीच्या अंगणात आणली होती.

"देवळासमोर का नाय वाजवत?" रावजीनं खिडकीतून विचारलं.

"तिथं देव झोपलाय, दादा," सदू म्हणाला. "तुझी तब्येत कशी?"

"उत्तम."

"डोळे मिटून का बोलतोस मग?"

"ध्यान करतोय."

"कर, कर. लवू, दादाच्या ध्यानाला जरा जोरात!"

रावजीनं घरातले सगळे डबे शोधले. तांदळाच्या पिंपात हात घातला, लोणच्याच्या बरणीत नाक घातलं. गंगा दारात उभी राहून बघत होती.

"मिळाली?"

"मी मीठ बघत होतो."

"पिंपात?"

होळीच्या दिवशी तो कपाळाला ओलं फडकं बांधून, वर फेटा चढवून गेला. फेटा नेहमीच्या दुप्पट झाला आणि लोकांना वाटलं, यंदा मान वाढलाय. होळी पेटली, ढोल थांबले. ढोल थांबल्यावरही रावजीच्या डोक्यातले चालूच होते. पहिला शब्दच आठवेना. सदूनं घसा साफ केला. मग पुढं येऊन सदूनं एका हातानं पाण्याचा तांब्या पुढं केला आणि दुसऱ्या हाताची मूठ उघडली. मुठीत गुलाबी गोळी. रावजीच्याच घरातली.

"घे दादा. नायतर मी सांभाळतो पुढचं."

रावजीनं गोळीकडे पाहिलं. ती बिचारी फार ओळखीची दिसत होती. हात पुढं गेलाही. तेवढ्यात सदूनं तांब्या खाली ठेवून त्या हातानं खिशातून आणखी एक काढली आणि स्वतः गिळली, सवयीनं, पाणीसुद्धा न घेता. रावजीचं डोकं सणकलं आणि त्या सणकेसरशी तोंड उघडलं.

"बा देवा म्हाराजा! पाऊस वेळेवर पाड!"

"व्हय म्हाराजा!"

"कलमांचा मोहर राख, चाकरमान्यांना सुखरूप ठेव!"

"व्हय म्हाराजा!"

"आणि या गावात जो कोण गुलाबी गोळीवर जगतो, त्याची गोळी आजपास्नं बंद कर रे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजाऽऽ!" गाव गरजलं. सगळ्यांत मोठा आवाज सदूचा.

लवूच्या हातातली काठी खाली पडली. मागून कुणी तरी दबक्या आवाजात विचारलं, "आपण काय म्हणालो?"

"व्हय म्हणालो," दुसरा म्हणाला.

पुढचे दहा दिवस आंबेखोलात पालखी नाचली ती चवड्यांवर. ढोल उशीवर ठेवून वाजवला. शिमग्याच्या शिव्यासुद्धा कुजबुजत दिल्या गेल्या आणि त्या सगळ्या रावजीला होत्या. आनंदीबाईंनी मुंबईला फोन लावून लेकाला बजावलं, "पाकीट पोचलं की न फोडता परत धाड. कुणी विचारलंच, तर देवाचं काम हाय म्हणून सांग." रावजीचं डोकं मात्र गोळी सोडल्याच्या दहाव्या दिवशी पहाटे अचानक गप्प झालं. इतकं गप्प, की घाबरून त्यानं ते हलवून पाहिलं. मग तो चहा पिऊन सदूकडे गेला. सदू डोक्याला पंचा आवळून पडला होता.

"तब्येत कशी?" रावजीनं विचारलं.

"हळू बोल."

"लवूला आणलाय सोबत. आमच्या अंगणात जागा नाय."

"दादा, पाया पडतो. मान तुझ्याच घरात राहू दे. सात पिढ्या राहू दे."

रावजीनं लवूला परत पाठवलं. जाता जाता त्यानं सदूचा पंचा भिजवून, पिळून, पुन्हा नीट बांधून दिला.

महिनाभरात गावाची डोकी शांत झाली. मनस्विनीबाईंना एकाच गावचे अकरा पेशंट बरे होऊन भेटायला आले. औषध कुणाचं, म्हणून त्यांनी विचारलं, तर सगळ्यांनी वर बोट दाखवलं. बाईंनी वर पाहिलं. पंखा फिरत होता.

पुढच्या शिमग्याला रावजी नेहमीच्या मापाचा फेटा बांधून होळीपुढं उभा राहिला. डोकं लख्ख, शब्द न् शब्द पाठ.

"बा देवा म्हाराजा! पाऊस वेळेवर पाड!"

मागून काहीच आलं नाही. त्यानं वळून पाहिलं. सगळं गाव गंभीर चेहऱ्यानं विचार करत उभं होतं. शेवटी आनंदीबाई पुढं सरकल्या.

"किती पाऊस," त्या म्हणाल्या, "ते आधी सांग."